हिबर्डांची चूल

थर्झाबाई हिबर्ड आयुष्यभर गावच्या शाळेत स्वयंपाकीण होत्या. इंग्लंडातल्या या हॅझलकोममध्ये पन्नाशीच्या आसपासची जेवढी माणसं आहेत, त्या सगळ्यांनी त्यांच्या हातची तांदळाची खीर नाक दाबून गिळलेली आहे, आणि आता तीच माणसं त्या खिरीच्या आठवणीने हळवी होतात. थर्झाबाईंना हे पक्कं ठाऊक आहे. "तेव्हा रुमालात बांधून कुंपणापलीकडे फेकत होतात मेल्यांनो," असं त्या तोंडावर सांगतात.

त्यांचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. पोरं मैदानाच्या पार टोकाला खेळत असली तरी त्या खिडकीतून एकदाच हाक मारायच्या. पोरं तर यायचीच, पण टेकडीवरच्या मेंढ्यासुद्धा चरायचं थांबून माना वर करायच्या. हा आवाज त्यांना वडिलांकडून मिळाला. जेबेझ हिबर्ड शेतांची कुंपणं विणायचे, आणि वर्षातून एक दिवस गावच्या कोर्टात पुकारा करायचे. आवाजाबरोबर लेकीकडे ते कामही आलं.

आपल्याकडे गाव उंबऱ्यांनी मोजतात, हॅझलकोम मोजतात चुलींनी. चूल म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीत बांधलेली, वर धुराडं असलेली जुनी शेकोटी. गावामागे होल्ट नावाचं सामाईक जंगल आहे. त्या जंगलातलं पडलेलं, छाटलेलं लाकूड हिवाळ्यापुरतं घेण्याचा हक्क गावातल्या काही घरांना फार जुन्या काळापासून आहे. पण हक्क ना माणसाचा, ना घराचा. हक्क त्या चुलीचा. घर विकलं तरी चालेल, माणसं बदलली तरी चालेल, पण ते लाकूड त्याच चुलीत जळलं पाहिजे. विकायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं नाही. आणि चूल पडली की हक्क संपला.

सफरचंदं उतरवून झाली, सप्टेंबरअखेरचा मायकलमासचा सण उलटला, की गावच्या हॉलमध्ये हे कोर्ट बसतं. मोठ्या कोर्टांनी त्याचे दात कधीच काढून घेतलेत. तिथे कुणाला तुरुंगात धाडत नाहीत. पण होल्टचं जळण कुणाला मिळायचं, ते आजही तिथेच ठरतं. शेजारच्या मोठ्या गावचे वकील वेकलीसाहेब खुर्चीत बसतात, बारा गावकऱ्यांची ज्युरी डावीकडे बाकावर, आणि मध्ये घंटा घेऊन थर्झाबाई.

मी या गावात नवी असताना पहिल्यांदा कोर्टात गेले तेव्हा त्यांनी घंटा वाजवून तीनदा "ओये" अशी आरोळी ठोकली आणि माझ्या मांडीवरचं पाकीट खाली पडलं. मला वाटलं, "ओ येस" म्हणतायत. जेवणाच्या वेळी विचारलं.

"'हो' नाही गं बाई. 'ऐका'," त्या म्हणाल्या. "फ्रेंच आहे ते. जुनं. राजा समुद्रापलीकडून आला, त्याची माणसं फ्रेंच बोलणारी, म्हणून कोर्टाने फ्रेंच बोलायचं. माझ्या खापरपणजोबाच्या खापरपणजोबाला काय कळलं असेल? उभा राहिला असेल बिचारा टोपी हातात धरून."

"आमच्याकडेही तेच," मी म्हटलं. "वकील, फिर्याद, अर्ज, दावा, नाव घेतलं की हजर! सगळे शब्द राज्यकर्त्यांबरोबर फारसीतून आलेले."

"मग तुमच्या लोकांनी काय केलं?"

"शिकलो. आता आमचेच आहेत."

"आम्हीही तेच केलं," त्या म्हणाल्या आणि मला स्टूची आणखी एक पळी वाढली.

त्या दिवसापासून आमचं जमलं. आमची घरं समोरासमोर, मध्ये अरुंद गल्ली. पुढे या गावात माझे केस पिकले, मुलं शिकून दूर गेली, पण थर्झाबाईंकडचा चारचा चहा सुटला नाही. त्यांचं शिक्षण जेमतेम, पण कोर्टातल्या जुन्या शब्दांवर त्यांचा भारी जीव. वेकलीसाहेब त्यांना अर्थ सांगत, आणि त्या तो आपल्या पद्धतीने घोटून घेत. मृत्युपत्राला कोर्टात दोन शब्द एकत्र वापरतात, विल अँड टेस्टमेंट, मालमत्तेलाही दोन, गुड्स अँड चॅटल्स. एक देशी, एक फ्रेंच. वेकलीसाहेब म्हणाले, दोन्ही बाजूंच्या माणसांना कळावं म्हणून तशी जोडी लावत असावेत. मी थर्झाबाईंना आपले कागदपत्र, चीजवस्त, धनदौलत, रीतरिवाज हे शब्द सांगितले, त्यातही एक शब्द इकडचा आणि एक तिकडचा, तर म्हातारी टाळी वाजवून हसली. मालमत्तेतला तो चॅटल शब्द आणि गुरांना म्हणतात तो कॅटल हे दोघे सख्खे भाऊ, हे मला त्यांनीच सांगितलं. "ज्याच्या गोठ्यात जास्त शेपट्या, तो श्रीमंत. सोपं होतं तेव्हा." मी म्हटलं, आम्ही गोधन म्हणतो.

त्यांचा भाचा क्लाइव्ह, धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बहीण लवकर गेली, तेव्हापासून त्याच्या सगळ्या सुट्ट्या मावशीकडेच झाल्या. त्याने सॉल्झबरीला घर घेतलं तेव्हा पेढे वाटावेत तसा तो केक घेऊन आला होता. मावशीने विचारलं, "मॉर्गेज?"

"मग काय, मावशी! रोख कुठून आणू?"

"त्याचा अर्थ माहीत आहे? मेलेलं तारण. फेडलंस तर सावकाराचा हक्क मेला. नाही फेडलंस तर तुझं घर मेलं. एकूण कुणीतरी मरणार."

"मावशी, केक खा."

असं होतं सगळं. लग्न त्यांनी केलं नाही. एक सुतार होता म्हणे, तो कॅनडाला गेला. "मला ये म्हणाला होता. मी म्हटलं, तिकडे चूल कुणाची पुकारू?" हे त्या हसून सांगत, पण पूर्ण हसून नव्हे.

वडील थकले तेव्हा पुकाऱ्याचं काम बाईला द्यायला काही जण नाखूश होते. त्या वेळच्या वकिलाने जुना रिवाज काढून दाखवला. पुकारणारा पुरुषच हवा असं त्यात नव्हतंच. हक्काची चूल ज्याच्याकडे आहे त्याने पुकारावं, एवढंच होतं. म्हणजे थर्झाबाईंना ते काम चुलीने मिळवून दिलं होतं. चूल होती म्हणून त्या कोर्टात उभ्या होत्या.

गेल्या वर्षी जानेवारीत लाकडांची टोपली घेऊन अंगणातून येताना त्या बर्फावर घसरल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली, मग छातीत कफ धरला. वसंत ऋतू त्यांचा रुग्णालयात आणि नंतरच्या शुश्रूषागृहातच गेला. मी त्या दिवसांत नाशिकला, आईच्या आजारपणात.

क्लाइव्हचा धंदा घरं गरम करण्याचा. पाइप, बॉयलर, जमिनीखालून गरम पाणी फिरवणं, हे सगळं. मावशी शुद्धीवर आली तेव्हा त्याने तिचा हात हातात घेऊन विचारलं होतं, "मावशी, तुझं घर मी नीट गरम करून देऊ का? ती टोपली परत उचलायची नाही तू." मावशी म्हणाली, "दे बाबा."

पोराने रजा टाकली, मित्र आणले आणि पिढ्यानपिढ्यांचं धुराडं पाडलं. धुराडं आणि चूल मिळून खोलीचा तिसरा हिस्सा खायची, तिथे आता सुंदर न्हाणीघर झालं, दारातून चाकाची खुर्ची जाईल एवढं. गावकऱ्यांनी पाहिलं तेव्हा विटा गल्लीत पडल्या होत्या. क्लाइव्हला कोर्ट ठाऊक होतं, पण ते म्हणजे जुने कपडे घालून जेवायचा समारंभ, एवढंच. पाडू नको असं त्याला कुणी सांगितलं नाही, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या घरी आल्या त्या दिवशी मीही परतले होते आणि सूप घेऊन गेले होते. क्लाइव्ह दारात लग्नघरातल्या यजमानासारखा उभा.

"बूट काढ मावशी. काढ तर! आता ठेव पाय."

थर्झाबाईंनी काठीवर भार देऊन मोज्यातलं पाऊल ऊबदार फरशीवर ठेवलं. मग समोर पाहिलं. जिथे चूल होती तिथे पांढरीशुभ्र भिंत आणि भिंतीत दार.

"विटा कुठे आहेत रे?"

"गेल्या कचऱ्याच्या गाडीत. धूळ बघायची होतीस! आवडलं का?"

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "माझं पोर ते. छान केलंस." आणि त्याच्या गालाला हात लावला.

क्लाइव्ह गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला सांगायचं नाही. शपथ आहे."

सप्टेंबर आला. गल्लीगल्लीत एकच विषय, हिबर्डांची पडलेली चूल. एका संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो, तर ज्युरीचा म्होरक्या लायोनेल फॉइल आला. गावात त्याचं गॅरेज आहे. हाताला कायम ग्रीस, त्यामुळे कुठेही बसायचं म्हटलं की तो आधी खुर्चीकडे केविलवाणं बघतो.

"थर्झा, तू नेहमीसारखी पुकार. तुझं नाव आलं की नेहमीसारखं उत्तर दे. 'उभी आहे, पेटती आहे.' वेकलीसाहेब काही तुझ्या घरात येऊन बघणार नाहीत. आणि आमच्यातला एकजण तोंड उघडणार नाही. मी विचारलंय."

"कुठे विचारलंस?"

"पबमध्ये. बाराही जण होते."

"तरीच. गुपित ठेवायला बरी जागा शोधलीस."

"चेष्टा नको. लाकूड तुला नको असेल तर नेऊ नकोस. पण पुकारा तुझाच राहू दे. तुझ्याशिवाय त्या दिवसाला काय अर्थ आहे?"

थर्झाबाईंनी बशीतलं बिस्कीट त्याच्यापुढे सरकवलं. "लायोनेल, ज्युरी म्हणजे काय रे?"

"बारा बिनकामाची माणसं."

"शपथ घेतलेली माणसं. शब्दाचा अर्थच तो. काय शपथ घेतोस तू? म्हण बघू."

लायोनेल शाळेतल्यासारखा ताठ झाला. त्यानेही ती खीर खाल्ली होती. "द्वेषापोटी कुणाचं नाव घेणार नाही, आणि भीतीपोटी, लोभापोटी किंवा..." तो थांबला.

"पुढे?"

"किंवा मायेपोटी कुणाला सोडणार नाही."

"तुला वाटतं ते 'माया' तिथे उगीच घातलंय? ज्याने घातलं त्याला गाव माहीत होतं."

लायोनेल बिस्कीट न खाताच उठला. दारात म्हणाला, "म्हातारे, तू अवघड आहेस."

"तुझ्या गॅरेजच्या बिलापेक्षा सोपी."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मग क्लाइव्हला सांगा ना. तो परत बांधून देईल."

"देईल. रडत रडत देईल. जन्मभर मनाला लावून घेईल." त्यांनी कप खाली ठेवला. मग एकदम हळू आवाजात, त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "आणि खरं सांगू का तुला? मला आवडतं गं हे."

"काय?"

"ही फरशी. सकाळी उठते आणि अनवाणी चालते. या वयात, अनवाणी! चुलीपुढे बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. बाबा खोकून खोकून गेले. मी लहानपणापासून पहाटे उठून राख काढली, तेव्हा कुणी विचारलं नाही, थर्झा तुला हे हवंय का. आता रात्री झोपताना मनात येतं, बरं झालं पाडली. आणि मग लाज वाटते."

मी चहा ओतला.

"फक्त एक," त्या म्हणाल्या. "शाळा सुटली, बहीण गेली, कंबर गेली. वर्षातून एक दिवस गावाला माझा आवाज लागतो. तो सुटला की मी नुसती गल्लीतली म्हातारी."

कोर्टाच्या दिवशी हॉल गच्च भरला. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे, फक्त वेकलीसाहेब आणि क्लाइव्ह सोडून. मावशीला गाडीतून आणायचं म्हणून तो मुद्दाम सॉल्झबरीहून आला होता, आणि माझ्याशेजारी बसून मजेत बघत होता. थर्झाबाईंनी घंटा वाजवली, तीनदा आरोळी दिली. खुबा मोडला होता, पण आवाजाला काही झालं नव्हतं.

ज्युरीने एकेक करून शपथ घेतली. लायोनेल शेवटच्या शब्दांना अडखळला.

मग चुलींची गणती सुरू झाली. थर्झाबाई कागद घेत नाहीत. लहानपणी वडिलांच्या मागे गल्ल्यांतून चालत त्यांनी ही नावं पाठ केली, म्हणून त्या अजूनही चालतच म्हणतात. मनाने गिरणीच्या गल्लीत शिरतात, डाव्या हाताची घरं, मग उजव्या हाताची, मग वळण. "गिरणीघर!" की गिरणीवाला उठून म्हणतो, "उभी आहे, पेटती आहे." "ट्रिमचं शेत!" की डॉर्कस ट्रिम मेंढ्यांच्या वासासकट उठते आणि तेच म्हणते.

"हे काय चाललंय?" क्लाइव्हने मला कुजबुजत विचारलं.

"चुली मोजतायत. ज्याची चूल उभी, त्याला लाकडाचा हक्क. आणि..."

"आणि?"

मी शपथेला बांधलेली होते. पण त्याला सांगायची गरज राहिली नाही. तो मावशीकडे बघत होता, पुढच्या घराच्या नावाची वाट बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. हातांनी घरं उघडून बघणारा माणूस तो, एकदा धागा सापडल्यावर त्याला वेळ लागत नाही.

"पुकारासुद्धा चुलीवरच असतो का?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. तो उठायला लागला. मी त्याची बाही घट्ट धरली.

"हिबर्ड!" थर्झाबाईंनी पुकारलं.

दरवर्षी इथे एक गंमत व्हायची. त्या स्वतःच पुकारायच्या, मग एक पाऊल बाजूला सरकून निराळ्या बारीक आवाजात स्वतःच उत्तर द्यायच्या, आणि हॉल हसायचा. आजही त्या काठी टेकत बाजूला सरकल्या. कुणी हसलं नाही. ज्युरीच्या बाकावर बारा माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती.

"पडली आहे," थर्झाबाई म्हणाल्या.

वेकलीसाहेबांनी चष्मा काढला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "कुणी पाडली, मिस हिबर्ड?"

"माझ्या घरात, माझ्या होकाराने पडली, साहेब. मला विचारलं होतं. मी दे म्हटलं."

"रिवाजाप्रमाणे एक वर्ष आणि एक दिवस मिळतो," साहेब मऊपणे म्हणाले. "तेवढ्यात त्याच जागी पुन्हा उभी केलीत तर हक्क चालू राहतो. वरचा तो एक दिवस अशासाठी, की वर्ष पुरं झालं की नाही यावर कुणी भांडू नये. तुम्ही बांधणार असाल तर आज नुसती नोंद करतो."

"मी बांधतो!" क्लाइव्ह उभा राहिला होता. बाही माझ्या हातातून कधी सुटली कळलंच नाही. "मी पाडली. मी सोमवारपासून..."

"क्लाइव्ह, खाली बस," मावशी म्हणाली. मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज. क्लाइव्ह बसला. आजूबाजूची दोन-चार पन्नाशीची माणसंही नीट बसली.

"बांधणार नाही, साहेब," थर्झाबाई म्हणाल्या. "होल्टच्या या लाकडाला तुमच्याकडे एक शब्द आहे. एस्टोव्हर्स. तुम्हीच मला सांगितलात. ज्याच्यावाचून भागत नाही, ते. आमच्या देशी भाषेत त्याला फायरबोट म्हणत, म्हणजे चुलीपुरतं जळण, त्याचाही अर्थ तोच. गरजेपुरतं. मला आता गरज नाही. माझं घर गरम आहे. माझ्या भाच्याने केलंय. इतकं गरम ते घर कधी नव्हतं. गरज नसताना मी हक्क धरून बसले, तर ती होल्टची चोरी झाली."

कोपऱ्यातल्या चहाच्या पातेल्यातलं पाणी उकळत होतं. वेकलीसाहेबांनी हिबर्डांच्या नावापुढे रेघ मारली. मारण्याआधी त्यांनी थर्झाबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, मगच मारली.

"आता राहिलं एक," साहेब म्हणाले. "चूल पाडण्याआधी कोर्टाला कळवायचं असतं. ते कळवलं नाही. म्हणून मिस हिबर्ड, तुम्ही कोर्टाच्या दयेवर आहात."

क्लाइव्हने माझ्याकडे घाबरून पाहिलं. मी त्याला सांगितलं की इथे दंडालाच मर्सी म्हणतात, दया. माणूस दोषी ठरला की त्याला दयेच्या हवाली करतात, आणि दया केवढी, ते साहेब नव्हे, त्याच्याच गावातले दोन शेजारी ठरवतात. तो मोडून पडू नये एवढी.

साहेबांनी डॉर्कस ट्रिम आणि पोस्टमन यांची नावं घेतली. दोघं चहाच्या पातेल्यामागे जाऊन कुजबुजले. डॉर्कसची कुजबुजही गल्लीपलीकडे ऐकू जाते. कुत्र्यांना हाका मारून मारून तिचा गळा तसा झालाय. त्यामुळे निकाल सगळ्यांनी आधीच ऐकला, तरी ती पुढे येऊन उभी राहिली.

"दया अशी," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पुकारायला नवं माणूस लागणार. थर्झाने त्याला सगळ्या चुली तोंडपाठ करून द्यायच्या. कागदावरून नाही. तिच्या बाबांनी दिल्या तशा. गल्लीगल्लीतून चालत."

"माझी कंबर?" थर्झाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर वर्ष दिलंय. हळू चाला."

पहिल्यांदा हॉल हसला. लायोनेल लगेच उठून म्हणाला, नवं माणूस म्हणून डॉर्कसच बरी, गळा तिचाच आहे. डॉर्कस म्हणाली, आपणच दया ठरवायची आणि आपणच ती खायची, हे बरोबर दिसत नाही. साहेब म्हणाले, रिवाजात तसं कुठे मना केलेलं नाही. ज्युरीने हात वर केले.

"पण आजची गणती?" पोस्टमनने विचारलं. "हिचा हक्क तर आत्ता गेला."

"एकदा कोर्ट उघडलं की उठेपर्यंत पुकारा बदलत नाही," वेकलीसाहेब म्हणाले. "मिस हिबर्ड, पुढे चला."

थर्झाबाईंनी काठी सावरली. आपल्या घरापाशी त्या थोड्या थांबल्या असाव्यात, मनातल्या मनात. मग वळण घेतलं.

"फॉइल, तलावाची गल्ली!"

लायोनेलला दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.

जेवण झाल्यावर क्लाइव्ह गाडीपाशी उभा होता. मी मागून काठी आणि पिशवी घेऊन येत होते.

"मावशी, एका शब्दाने सांगायचं होतंस."

"कधी? भूल उतरत होती तेव्हा?"

"मी तुझं काय घालवलं ते मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं येतोय मी इथे."

"तुला लाकूड फोडायला लावलं, कोर्टात कधी नेलं नाही. ती माझी चूक. तू खायला तेवढा यायचास, बरं."

"फरशी काढून टाकू? चूल परत उभी करू? साहेबांना रेघ खोडायला सांगू."

थर्झाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मी वाटेतच थांबले. "माझ्या फरशीला हात लावलास तर बघ," त्या म्हणाल्या. आणि गाडीत बसून त्यांनी बूट काढले.

आता मार्च सुरू आहे. हवा उघडी असली की डॉर्कस आणि थर्झाबाई गल्ल्या हिंडतात, एकीचा हात दुसरीच्या हातात. एका फेरीत फार तर तीन-चार घरं होतात. थर्झाबाई प्रत्येक दारापुढे थांबतात, नाव सांगतात, तिथे आधी कोण राहत होतं, कुणाच्या चुलीचा धूर कुणाच्या खिडकीत जायचा आणि त्यावरून कसली भांडणं झाली, सगळं सांगतात. डॉर्कस म्हणते, मला नुसती नावं हवीत. त्या म्हणतात, नुसती नावं राहत नाहीत डोक्यात.

परवा दोघी आमच्या दारावरून चालल्या होत्या. आमचं घर नवं, त्याला ना चूल ना हक्क. तरी थर्झाबाई फाटकापाशी थांबल्या.

"इथे काय पुकारायचं?" डॉर्कसने विचारलं.

"इथे काही पुकारायचं नाही. इथे बसायचं," त्या म्हणाल्या. "पुढची चूल चढावर आहे."